पोरीच्या पायाचा नंबर

माझा भाऊ कमी बोलतो, कारण त्याच्या तोंडात खिळे असतात. थट्टा नाही, खरंच सांगते. बुटाला टाच ठोकायची तर एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात बूट. मग खिळे राहणार कुठे? ते ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे सारायचा, काढायचा, ठोकायचा. इतकी वर्षं हेच चाललंय. गल्लीत त्याला सगळे खिळेदादा म्हणतात, आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्या 'हं' आणि 'अंहं'वरूनच काय ते समजून घेतं.

मी त्याची थोरली बहीण. दुकानात खिडकीपाशी माझं शिलाईचं मशीन आहे. बुटाचा वरचा भाग मी शिवते, तळ तो ठोकतो, आणि दोघांच्या वाटणीचं बोलणं मी एकटी बोलते. माझं लग्न टिकलं नाही, ती गोष्ट वेगळी आणि ती सांगायला मला वेळ नाही. दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही चौघं राहतो: भाऊ, भावजय, त्यांची मुलगी आणि मी.

भावाची एक खोड फक्त मला माहीत आहे. हातात काही काम नसताना त्याने तोंडात खिळे टाकले, की समजायचं, स्वारी घाबरलीय. लग्न ठरवायला माणसं आली होती तेव्हा त्याने मूठभर टाकले होते. पाहुण्यांना वाटलं, मुलगा फार नम्र आहे.

मुलगी जन्मली तेव्हाही टाकले होते. तिचा उजवा पाय आत वळलेला होता. डॉक्टरांनी प्लास्टरं घालून घालून तो सरळ केला, आणि केला म्हणजे अगदी चांगला केला. पोरगी चालायला लागली तीच पळत. एका जागी ठरेना, म्हणून मी तिचं नाव भिंगरी ठेवलं. फक्त तो पाय डाव्यापेक्षा लहान राहिला, थोडा बारीकही. बाजारातला बूट डाव्या पायाला बसला की उजव्यातून टाच निसटायची. लहानपणी एकदा मैत्रिणीचे बूट घालून ती दिवसभर हुंदडली आणि घरी आली ती टाच सोलून, मोजा रक्ताने चिकटलेला. भावाने तो मोजा पाण्यात भिजवून भिजवून सोडवला. तोंडात खिळे.

तोवर तो नुसती दुरुस्ती करायचा. टाच बदल, उसवलेलं शिव, ठिगळ लाव. आख्खा बूट बनवणं त्याला येत नव्हतं. पण पोरीसाठी तो शिकला. पलीकडच्या बाजारात एक म्हातारे कारागीर होते, त्यांच्या पायाशी जाऊन बसला, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, चामडं वाया घालवलं, आणि पोरीच्या पायांचे कलबूत स्वतः कोरले. कलबूत म्हणजे लाकडाचा पाय. त्यावर चामडं ताणून बूट घडवतात. दर वर्षी पोरगी वाढायची, दर वर्षी नवी जोडी कोरायची. डावा मोठा, उजवा लहान. उजव्या बुटाचा सोल तो असा बेताने बांधायचा की वरून बघणाऱ्याला दोन्ही बूट सारखेच वाटावेत. त्या जोरावर तो पुढे नामांकित कारागीर झाला. लोक म्हणतात, याच्या हातात कसब आहे. असेल. पण आधी पोटात कळ आली, मग हातात कसब आलं.

ते सगळे कलबूत त्याने जपून ठेवलेत. दुकानात माझ्या मशीनच्या वर एक फळी आहे, तिच्यावर एक निळा पडदा, आणि पडद्यामागे ओळीने पोरीचे लाकडी पाय, अगदी बोटभर असल्यापासूनचे. गिऱ्हाइकाला दिसू नयेत म्हणून पडदा. मी एकदा म्हटलं, "अरे, त्यात लपवायचं काय आहे?" तर म्हणाला, "हं." ते हो होतं की नाही, देव जाणे.

तर ही भिंगरी मोठी झाली आणि एके दिवशी जेवताना म्हणाली, मला सैनिकी अकादमीत जायचंय. भावजयीच्या हातातला चमचा खाली पडला. मी म्हटलं, "जा की! या घरात कोणीतरी दुसऱ्यांना हुकूम सोडायला हवाच, मी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही." भाऊ उठून खाली दुकानात गेला. मी मागून जाऊन पाहिलं, तर दिवा न लावता बसलाय आणि तोंडात खिळे.

पोरगी लेखी परीक्षा पास झाली. डॉक्टरांची तपासणीही झाली. त्यांनी तिला पळवलं, उड्या मारायला लावल्या, पाय उलटसुलट करून पाहिले आणि ठीक आहे म्हणाले. भावाला ते पटेना. "नीट पाहिलं नसेल," म्हणे. जसं काही डॉक्टर तिथे माश्या मारायला बसवलेत! आता उरली होती शेवटची पायरी. निवडलेल्या मुलामुलींनी एक रात्र अकादमीत मुक्कामाला जायचं. तिथल्या मुलांबरोबर जेवायचं, त्यांच्याच खोल्यांत झोपायचं, पहाटे उठून कवायत करायची, आणि मग बूट घालून टेकडीपर्यंत लांबची चाल. जो मध्येच बसला त्याने पुढच्या वर्षी यायचं. आमच्या पोरीला पुढचं वर्ष नव्हतं, कारण पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका सकाळी आणि त्या एका पायावर.

मग घरात जी तयारी सुरू झाली ती विचारू नका. भावजयीने टॉवेलापासून दाताच्या ब्रशापर्यंत सगळ्यावर पोरीचं नाव टाकलं. साबणावर सुद्धा सुईने कोरलं. म्हटलं, "अगं, पहिल्या अंघोळीत नाव धुऊन जाईल." तर म्हणे, "ताई, तोवर तरी कोणी घेणार नाही ना." मी रोज पहाटे पोरीच्या अंगावरचं पांघरूण ओढून "उठ, फौज निघाली!" म्हणून ओरडायचे. फौज काही उठायची नाही, शेजारचे उठायचे.

आणि भावाने बूट करायला घेतले. काळे, घोट्याच्या वरपर्यंतचे, जाड तळाचे. असे बूट त्याने जन्मात कोणाला केले नव्हते. वरचा भाग मी शिवला. तीनदा उसवायला लावला त्याने मला! चौथ्यांदा मी कात्री आपटली आणि म्हटलं, "आता तूच शिव, मी चालले हिमालयात." तेव्हा कुठे 'हं' म्हणाला.

पण नवा बूट म्हणजे नवा शेजारी, आधी चावतो, मग जमतं. म्हणून आमच्या घरची रीत अशी की नवे बूट घरातल्याच दुसऱ्या कोणीतरी आधी घालून फिरायचं, चामडं नरम करायचं, आणि मग द्यायचे. माझा पाय पोरीच्या डाव्या पायाएवढा. भावजयीचा पाय चिमणीएवढा, म्हणजे पोरीच्या उजव्याएवढा. तेव्हा रोज संध्याकाळी आम्ही दोघी नणंद-भावजया निघायचो. माझ्या डाव्या पायात बूट आणि उजव्यात चप्पल. तिच्या उजव्या पायात बूट आणि डाव्यात चप्पल. एकमेकींचा हात धरायचा आणि ठक-फट, ठक-फट करत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायचे. न्हावी म्हणाला, "आत्याबाई, दोघींत मिळून एकच जोड परवडला का?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्यावर केस परवडले नाहीत, आम्ही काही बोललो का?" भावजय हसून हसून कठड्यावर बसली.

आता बघा, आख्ख्या गल्लीला माहीत होतं की खिळेदादाच्या पोरीचे पाय लहानमोठे आहेत. आम्ही दोघी रोज त्याची वरातच काढत होतो! फक्त भावाला वाटायचं की हे कोणालाच ठाऊक नाही. तो दुकानात पडद्यासमोर बसून टाचा ठोकत होता.

जायला थोडे दिवस उरले आणि अकादमीतून फोन आला. आमच्या दुकानाचा फोन, उचलला भावानेच. मी मशीन थांबवलं. पलीकडून एक बाई मोठ्या आवाजात बोलत होती, मला सगळं ऐकू येत होतं. म्हणाली, कपडे आणि बूट इथलेच मिळतील, घरचे बूट चालणार नाहीत, सगळ्यांना सारखेच. तेव्हा मुलीच्या पायाचा नंबर सांगा.

आणि माझा भाऊ गप्प! ज्याच्या दुकानावर बुटाची पाटी आहे, जो आख्ख्या बाजाराला पायाचे नंबर सांगतो, त्याला पोटच्या पोरीच्या पायाचा नंबर सांगता येईना. येणार कसा? तिने जन्मात नंबराचा बूट घातलाच नव्हता. तिचे कलबूत तिचे होते, त्यांच्यावर आकडा कधी पडलाच नाही. बाई म्हणाली, "हॅलो? आहात ना?" याने उठून पडदा बाजूला केला, शेवटचा डावा कलबूत पट्टीला लावला आणि म्हणाला, "सहा."

मी मानेने खुणावलं, हातवारे केले, शेवटी दोन बोटं दाखवली: दोन पायांचे दोन नंबर सांग! त्याने पाठ फिरवली. "हो, सहा," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी जी सुटले! "अरे शहाण्या, सरळ सांगायला काय झालं होतं? डावा सहा आणि उजवा साडेचार. जीभ झडली असती का तुझी?" 

"मग त्यांनी तिला बोलावलंच नसतं," तो म्हणाला.

"आणि आता? सहा नंबरच्या बुटात तिची टाच सोलून निघेल, टेकडीच्या अर्ध्यावर बसेल, तेव्हा काय पोरीला पाठीवर घेऊन चालणार आहेस?"

त्याचा खिळ्यांच्या डब्यात हात. आमच्या इतक्या दिवसांच्या ठक-फट, ठक-फटचं मुसळ केरात गेलं होतं, पण त्या क्षणी मला बुटांचं काही वाटलं नाही. त्याने मूठभर खिळे तोंडात टाकले, ते बघवेना.

भिंगरीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी करू का त्यांना फोन?" तो एवढंच म्हणाला, "नको गं." असं विनवून तो कधी बोलत नाही. पोरीने फोन खाली ठेवला.

मग त्याने उजव्या बुटासाठी सुखतळा करायला घेतला. सुखतळा म्हणजे बुटाच्या आत पायाखाली असतो तो चामड्याचा पातळ थर. पण ज्या बुटात घालायचा तो बूटच पाहिलेला नाही, तर माप कशाचं घेणार? त्याने अंदाजाने केला. पुढे बोटांपाशी नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, भरला, टाचेला मऊ कातडं वळवून लावलं. एक केला, फेकला. दुसरा केला, फेकला. शेवटी जो राहिला तो हातात इतका मऊ लागत होता, की मला वाटलं, हा पायाखाली कसला घालायचा, गालाखाली घ्यावा. पोरीच्या पिशवीत त्याने तो स्वतः ठेवला, टॉवेलाच्या घडीत लपवून.

ती निघाली तेव्हा पायात आमचेच काळे बूट होते. "जाईपर्यंत तरी घालते," म्हणाली. बस वळणापर्यंत गेली आणि भावाने दुकान उघडलं. त्या दिवशी त्याने एकाच चपलेला दोनदा टाच ठोकली. गिऱ्हाईक म्हणालं, दादा, एक बाजू उंच झाली की. रात्री घरात कोणी झोपलं असेल तर ते आमचं मांजर. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भावजय खिडकीत, मी मशीनवर आणि भाऊ समोर. माझ्या मनात सारखी ती टेकडी आणि तो रक्ताने चिकटलेला मोजा. देवा, म्हटलं, माझ्या टाचा सोल, हवं तर दोन्ही, पण पोरीला आज वर पोचव.

दुपार कलली आणि दारात ठक-ठक वाजलं. भिंगरी! उन्हाने काळवंडलेली, केस विस्कटलेले, खांद्यावर पिशवी. भाऊ तिच्या तोंडाकडे बघेचना. त्याची नजर थेट पायांवर. तोंड खिळ्यांनी भरलेलं.

पोरगी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पाय त्याच्या मांडीवर ठेवला. "बघ," म्हणाली.

त्याने तो पाय दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला, टाचेवरून अंगठा फिरवला. लाल झालेलं नाही, सोललेलं नाही, फोड नाही. मी मशीनच्या खुर्चीत धपकन बसले. भावजय जिन्यातूनच रडायला लागली. "अगं रडतेस काय, बरं झालंय!" मी ओरडले, आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी.

"वर गेलीस ना टेकडीवर?" मी विचारलं.

"गेले की. खालीही आले. त्यांनी सांगितलंय, पेटी भरायला घ्या."

"म्हणजे घेतलं?"

"घेतलं, आत्या!"

मी तिला असा धपाटा घातला पाठीत, की ती स्टुलावरून पडता पडता वाचली. आनंद झाला की माझा हात आवरत नाही.

"आणि सुखतळा?" भावजयीने डोळे पुसत विचारलं. "तो बरोबर बसला?"

"घातलाच नाही. लागलाच नाही." मग पोरीने सगळं सांगितलं. पोचल्या पोचल्या सगळ्यांना बुटांसाठी कोठारात नेलं. तिथे एक मिशाळ हवालदार. फोनवरचे नंबर त्याच्यासमोर होते, पण त्याने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हणाला, घरच्यांचा भरवसा नाही, एकेक जण मोजे घालून मापाच्या पाटीवर उभे राहा. एक पाय झाला की दुसरा. भिंगरीची पाळी आली, ती पाटीवर उभी राहिली. मागे आख्खी रांग. हवालदाराने डावा मोजला, उजवा मोजला आणि चहा सांगितल्यासारखा आत ओरडला, "डावा सहा, उजवा साडेचार!" आतून दोन वेगवेगळे बूट आले. बस्स. रांगेतल्या कोणी मान वर करूनही बघितलं नाही, जो तो आपापल्या नाड्या बांधत होता.

"मला विचारलं त्यांनी, वडील काय करतात," पोरगी म्हणाली. "म्हटलं, बूट बनवतात. तर एवढे मोठ्याने हसले! म्हणाले, मग फोनवर एकच नंबर कसा सांगितला? मी म्हटलं, त्यांना वाटलं, तुम्ही मला घेणार नाही. तर म्हणाले, वडिलांना सांग, माणसाला दोन पाय असतात हे आम्हालाही ठाऊक आहे."

मी हसले. भाऊ हसला नाही. पाय अजून त्याच्या मांडीवरच होता. त्याने ओंजळ पुढे केली, तोंडातले सगळे खिळे त्या ओंजळीत काढले आणि मग बोलला.

"मग तुझा तो उरलेला जोड? डावा साडेचार, उजवा सहा. त्याचं काय केलं त्यांनी?" तो कारागीरच. एवढ्यातही त्याला हाच प्रश्न पडला.

"फळीवर ठेवला, बाबा. त्यांच्याकडे एक वेगळी फळीच आहे, नुसत्या बेजोड बुटांची. हवालदार म्हणाले, असू देत, लागतात, असं कोणी ना कोणी येतंच."

"भरलेली होती?"

"काय?"

"फळी. भरलेली होती?"

"अगदी भिंतीपासून भिंतीपर्यंत."

त्याने मान खाली घातली. खांदे हलायला लागले. लग्नात नाही, आई गेली तेव्हा नाही, पण त्या दिवशी भरदुपारी, दुकानाचं दार सताड उघडं असताना माझा भाऊ पोरीचा पाय छातीशी धरून रडला. "मला वाटत होतं, जगात माझ्या एकट्याच्याच पोरीचा..." एवढंच म्हणाला. पुढचं राहिलं. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत बसली. जरा वेळाने हळूच म्हणाली, "सुखतळा वाया गेला नाही हं. रात्री उशाखाली घेतला होता. दुकानाचा वास येतो त्याला. त्यानेच झोप लागली."

दाराबाहेर न्हावी उभा होता. हातात कात्री, तोंडावर काळजी. "काय झालं? पोरीला घेतलं नाही का?" 

"घेतलं!" मी ओरडले. "आणि तू गिऱ्हाइकाला अर्धं भादरून इकडे काय करतोस?"

संध्याकाळी भाऊ नेहमीसारखा कामाला बसला. थोड्या वेळाने उठला, स्टूल ओढलं, वर चढून फळीवरचा निळा पडदा दांडीसकट उतरवला आणि माझ्या मांडीवर टाकला. "धुवायला घे. धूळ बसलीय किती." वरती ओळीने पोरीचे सगळे पाय, बोटभरापासून आजपर्यंतचे, लहान-मोठे, लहान-मोठे, दारातून आत येणाऱ्याला पहिले तेच दिसतील असे.

पडदा मी धुतला. दुसऱ्या दिवशी वाळला, इस्त्री केली आणि विचारलं, "लावू का परत?"

तो टाच ठोकत होता. त्याने ओठांतला शेवटचा खिळा काढला, ठोकला आणि म्हणाला, "नको. पोरीच्या पेटीत टाक, बूट पुसायला होईल."